सही कुठे करायची : राणा प्लाझा आणि बांगलादेशचा अकॉर्ड

२३ एप्रिल २०१३, मंगळवार. ढाक्याजवळच्या सावारमधल्या राणा प्लाझा या आठमजली इमारतीला मोठे तडे गेलेले दिसले. एका अभियंत्याने पाहणी केली आणि इमारत धोक्याची आहे, असं सांगितलं. खालच्या मजल्यांवर दुकानं होती, एका बँकेची शाखा होती. बँकेने आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून कळवलं. दुकानंही बंद राहिली. वरच्या मजल्यांवर पाच शिलाई कारखाने होते. त्यांच्या कामगारांना मात्र बुधवारी सकाळी कामावर बोलावलं गेलं. पगार कापण्याची धमकी मिळाल्याचं वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितलं. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जड जनरेटर सुरू झाले, आणि नऊ वाजायच्या आत इमारत जागीच खाली बसली. १,१३४ माणसं गेली. अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. बहुतेक बायका, आणि त्यातल्या कितीतरी वयाने अगदी लहान.

एकाच इमारतीत सकाळी कोण आत होतं आणि कोण बाहेर, एवढ्या एका गोष्टीत या प्रकरणाचं मूळ आहे. बँकेच्या कर्मचाऱ्याला घरी थांबता आलं. शिलाई मशीनवरच्या बाईला थांबता आलं नाही, कारण शिपमेंटची तारीख ठरलेली होती आणि उशीर झाला तर बायर, म्हणजे माल घेणारी परदेशी कंपनी, दंड लावणार होता किंवा माल विमानाने पाठवण्याचा खर्च कारखान्यावर टाकणार होता.

मी बरीच वर्षं सोलापूरकडे टॉवेल निर्यात करणाऱ्या युनिटांत कम्प्लायन्सचं काम केलं. म्हणजे परदेशी बायरचे ऑडिटर यायचे तेव्हा कागद तयार ठेवायचे, त्यांना कारखाना दाखवायचा आणि त्यांनी काढलेल्या त्रुटींना उत्तरं द्यायची. ‘आमच्या कंपनीला जबाबदार उद्योगाच्या एखाद्या उपक्रमात सामील व्हायचं आहे, कुठे नाव नोंदवू?’ असं मला अजूनही विचारलं जातं. त्या प्रश्नाला मी राणा प्लाझानंतरच्या तीन आठवड्यांत काय घडलं ते सांगून उत्तर देते. सामील व्हायची दारं पुष्कळ आहेत. ती एकसारखी नाहीत, आणि हा फरक जितका लख्ख या प्रकरणात दिसतो तितका मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

तडे न पाहणारं ऑडिट

राणा प्लाझात माल बनवून घेणाऱ्या किंवा आधी बनवून घेतलेल्या कंपन्या बेजबाबदार म्हणून ओळखल्या जात नव्हत्या. त्यांच्यातल्या अनेकांच्या आचारसंहिता छापील होत्या, काही वेगवेगळ्या उपक्रमांच्या सभासद होत्या. पाचपैकी दोन कारखान्यांचं ऑडिट बीएससीआय या युरोपीय व्यापाऱ्यांच्या उपक्रमाच्या निकषांवर झालेलं होतं. इमारत कोसळल्यावर प्रश्न आला तेव्हा खुलासा मिळाला, की या ऑडिटमध्ये इमारतीच्या बांधकामाची मजबुती तपासणं अभिप्रेतच नव्हतं. कामाचे तास, पगाराची पत्रकं, वयाचे दाखले, अग्निशामक नळकांडी हे सगळं तपासायचं. ज्या स्लॅबवर मशीन उभी आहेत तो स्लॅब किती वजन पेलेल, हे मात्र नाही. ती इमारत दुकानं आणि कचेऱ्यांसाठी आखलेली होती आणि वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते.

त्याच्या सात महिने आधी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीच्या बलदिया भागात अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच एसए ८००० हे कामगारांच्या कामाच्या परिस्थितीबद्दलचं, प्रतिष्ठित मानलं जाणारं प्रमाणपत्र मिळालं होतं.

ऑडिट करणारी माणसं सगळी लबाड असतात असं मी म्हणत नाही. मला भेटलेले बहुतेक जण प्रामाणिक होते. पण व्यवस्था कशी आहे ते पाहा. ऑडिटचे पैसे बहुधा कारखानाच भरतो, नाहीतर बायर. अहवाल त्या दोघांकडेच राहतो. ज्या बाईच्या डोक्यावर तो स्लॅब आहे तिला त्यातली ओळही दिसत नाही. ऑडिटर एक-दोन दिवस येतो आणि बहुतेक वेळा कळवून येतो. आमच्याकडे एका युनिटमध्ये मागच्या जिन्याच्या दाराशी कायम यार्नच्या गोण्या रचलेल्या असत. ऑडिटच्या आदल्या दिवशी त्या उचलल्या जायच्या आणि ऑडिटर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी परत यायच्या. हे मला ठाऊक होतं आणि मी अहवालावर सही करत होते. ते मी आजही विसरलेले नाही.

चार सह्या हव्या होत्या, दोन आल्या

राणा प्लाझा कोसळायच्या आधीच एक वेगळा करार कागदावर तयार होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

डिसेंबर २०१० मध्ये ढाक्याजवळ एका कारखान्याला आग लागून २९ कामगार गेले. त्यानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटना, जागतिक संघटना आणि काही स्वयंसेवी संस्थांनी ब्रँडांपुढे एक प्रस्ताव ठेवला : स्वतंत्र तपासणी, खुले अहवाल, दुरुस्तीच्या खर्चाची सोय, आणि हे सगळं कायद्याने बांधील. एप्रिल २०११ मध्ये ढाक्यात यावर बैठक झाली. त्या बैठकीचं इतिवृत्त पुढे बाहेर आलं. एवढी गुंतवणूक ब्रँडांना आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही, अशी भूमिका वॉलमार्टच्या प्रतिनिधीने मांडल्याची नोंद त्यात होती.

मार्च २०१२ मध्ये टॉमी हिलफिगर आणि केल्विन क्लाइन या नावांची मालक असलेली अमेरिकी कंपनी पीव्हीएच हिने पहिली सही केली. २०१० च्या त्या आगीवर एका अमेरिकी वाहिनीचा कार्यक्रम येऊ घातला होता, तेव्हा. सप्टेंबरमध्ये जर्मनीची चीबो आली. ही मुळात कॉफीची कंपनी, दुकानांतून कपडेही विकणारी. करार लागू व्हायला किमान चार कंपन्या हव्या होत्या.

२४ नोव्हेंबर २०१२ ला ढाक्याजवळच्या आशुलियातल्या ताझरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागली. धोक्याची घंटा वाजल्यावर कामगारांना परत मशीनवर बसवलं गेलं, वाटा बंद होत्या. किमान ११२ मृत्यू. तरी तिसरी सही आली नाही. राणा प्लाझाच्या दिवशीही त्या कागदावर दोनच सह्या होत्या.

ज्यांना ‘आधी इतर मोठ्या कंपन्या येऊ देत, मग आम्ही’ असं म्हणायची सवय आहे, त्यांनी मार्च २०१२ पासूनच्या या तेरा महिन्यांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चीबो काही बांगलादेशातली सगळ्यात मोठी खरेदीदार नव्हती. तिने थांबायचं ठरवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

१३ मे

मृतदेह काढण्याचं काम जवळजवळ तीन आठवडे चाललं. ते संपत आलं त्याच सोमवारी, १३ मे २०१३ ला, बांगलादेशातून सर्वाधिक कपडे घेणाऱ्या स्वीडनच्या एचअँडएमने सही करत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी झाराची मालक इंडिटेक्स, सीअँडए, प्रायमार्क आणि टेस्को पुढे आल्या. संघटनांनी १५ मेची मुदत घातलेली होती. त्या आठवड्यात तीसहून जास्त कंपन्यांनी होकार दिला आणि पुढे हा आकडा दोनशेच्या पार गेला. करारातली दुसरी बाजू होती इंडस्ट्रीऑल आणि युनी या दोन जागतिक कामगार महासंघांची आणि त्यांच्याशी जोडलेल्या बांगलादेशी संघटनांची. सुकाणू समितीवर दोन्ही बाजूंना समान जागा, आणि अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे म्हणजे आयएलओकडे.

नाव पडलं ‘बांगलादेशातील अग्नि आणि इमारत सुरक्षेचा अकॉर्ड’. मुदत पाच वर्षं. सुमारे १,६०० कारखाने आणि वीस लाख कामगार त्याच्या छत्राखाली आले.

करारात नेमकं काय होतं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या उपक्रमांशी तुलना करायची तर ती कलमांचीच करावी लागते. प्रस्तावना सगळ्यांच्याच सुंदर असतात.

पहिली गोष्ट, कंपनीने आपल्या पुरवठादारांची यादी द्यायची. सगळी. त्यांचे तीन गट पाडायचे : मोठ्या प्रमाणावर माल देणारे, नेहमीचे, आणि अधूनमधून ऑर्डर मिळणारे. पहिल्या गटात तपासणी, दुरुस्ती आणि कामगारांचं प्रशिक्षण तिन्ही सक्तीचं. एकत्रित यादी जाहीर करायची. कोणता ब्रँड कुठे शिवून घेतो हे व्यापारी गुपित समजलं जाण्याच्या काळात ही मोठी उडी होती. मर्चंडायझिंगमधली, म्हणजे ऑर्डरी सांभाळणारी माणसं पुरवठादाराचं नाव दुसऱ्या बायरला कळू नये म्हणून किती आटापिटा करतात, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

दुसरी गोष्ट, तपासणी. ती करणारे अकॉर्डने नेमलेले अभियंते : बांधकामाचे, विजेचे, आगीचे. कारखान्याने आणलेले नव्हेत, एकट्या ब्रँडनेही पाठवलेले नव्हेत. अहवाल जास्तीत जास्त दोन आठवड्यांत कारखान्याला, कामगार प्रतिनिधींना आणि संबंधित कंपन्यांना, आणि सहा आठवड्यांच्या आत जनतेसाठी खुला. जीवाला तातडीचा धोका दिसला तर सगळ्यांना लगेच कळवायचं. काही इमारती अशा निघाल्या, की त्या ताबडतोब रिकाम्या कराव्या लागल्या.

अभियंत्यांना काय सापडलं? एक लाखाहून अधिक त्रुटी. आग लागल्यावर धूर अडवू शकतील अशी दारं जवळजवळ कुठेच नव्हती. त्याऐवजी जिन्याच्या तोंडाशी कुलूप लावता येईल असं चॅनल गेट. उघडा जिना, म्हणजे खालच्या मजल्यावरचा धूर धुराड्यातून जावा तसा वर जाणार. वायरी लोंबकळत आणि त्यावर कापसाचं तूस. खांबांच्या ताकदीपेक्षा जास्त माल रचलेला, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. नकाशे तर अनेक ठिकाणी नव्हतेच. यातली एकही गोष्ट अशी नव्हती जी वर्षानुवर्षं तिथे येणाऱ्या ऑडिटरांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

तिसरी गोष्ट, पैसा. अकॉर्ड चालवायला प्रत्येक कंपनीने तिथून घेतलेल्या मालाच्या प्रमाणात वर्गणी द्यायची, वर्षाला कमाल पाच लाख डॉलर. शिवाय कारखान्याला दुरुस्ती परवडेल अशा व्यापारी अटी ठरवायची जबाबदारी ब्रँडवर. ती भाव वाढवून पार पाडा, आगाऊ रकमेने, कर्जाने किंवा थेट मदतीने. पहिल्या दोन गटांतल्या कारखान्यांना पहिली दोन वर्षं ऑर्डरी चालू ठेवायच्या, म्हणजे त्रुटी सापडल्या की काढता पाय घेऊन दुसऱ्या देशात जाता येणार नाही. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर सहा महिन्यांपर्यंत कामगारांचा पगार आणि नोकरी टिकली पाहिजे. आणि धोका आहे असं वाटलं तर कामगाराला पगार न कापता आत जायला नकार देता येईल. २४ एप्रिलच्या सकाळी त्या पाच कारखान्यांतल्या माणसांना नेमका हाच हक्क हवा होता.

चौथी, कारखान्याने ऐकलंच नाही तर. सूचना, मग इशारा, आणि तरी नाही तर अकॉर्डच्या सगळ्याच्या सगळ्या कंपन्यांनी त्याच्याशी व्यवहार थांबवायचा. एका बायरने धमकी दिली तर कारखानदार दुसऱ्याकडे वळतो. दोनशे बायर एकदम वळले तर त्याला जागाच उरत नाही.

पाचवी, कंपनीने ऐकलं नाही तर. माझ्या मते सगळं इथे येऊन ठरतं. वाद आधी सुकाणू समितीपुढे जायचा, तिथे सुटला नाही तर लवादापुढे, आणि लवादाचा निवाडा कंपनीच्या स्वतःच्या देशातल्या न्यायालयात अंमलात आणता यायचा. बांगलादेशातली संघटना युरोपातल्या ब्रँडला लवादात खेचू शकते, हे कागदावर उतरलं आणि त्याखाली ब्रँडने सही केली.

दुसरं दार

वॉलमार्ट आणि गॅप या अमेरिकी कंपन्यांनी सही केली नाही. गॅपचा आक्षेप या पाचव्या कलमावरच होता. अमेरिकेत खटल्यांचा धोका वाढेल, असं तिचं म्हणणं. जुलै २०१३ मध्ये मुख्यतः उत्तर अमेरिकी कंपन्यांनी आपला वेगळा उपक्रम काढला : अलायन्स फॉर बांगलादेश वर्कर सेफ्टी.

अलायन्सवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते : तोही दिखावा नव्हता. त्यांनीही कारखाने तपासले, अहवाल प्रसिद्ध केले, स्प्रिंकलर आणि अग्निरोधक दारं बसवून घेतली, कामगारांसाठी हेल्पलाइन चालवली. तांत्रिक निकषही दोघांचे बरेचसे एकच होते. एका जिन्यापुरतं पाहिलं तर कोणतं दार कुणी बसवलं हे ओळखू आलं नसतं. पण अलायन्सच्या कारभारात कामगार संघटना कराराच्या बरोबरीच्या पक्षकार नव्हत्या. कंपन्यांनी आपापसांत दिलेला शब्द कंपन्यांनीच तपासायचा, असं त्याचं स्वरूप होतं. ठरलेली पाच वर्षं झाली आणि २०१८ च्या अखेरीस अलायन्स गुंडाळली गेली. ती चालू ठेवायला भाग पाडू शकेल असं बाहेरचं कुणी नव्हतं. अकॉर्डच्या बाबतीत संघटना होत्या, आणि त्यांनी मुदत संपायच्या आधीच पुढच्या कराराची बोलणी सुरू केलेली होती.

याहून सोपी दारं आधीपासून होतीच. संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट २००० साली सुरू झाला. कंपनीच्या प्रमुखाने पत्र लिहायचं, मानवी हक्क, श्रम, पर्यावरण आणि भ्रष्टाचारविरोध यांची दहा तत्त्वं मान्य करायची आणि दरवर्षी प्रगतीचा अहवाल द्यायचा. अहवाल दिलाच नाही तर नाव काढलं जातं. मात्र अहवालात लिहिलेलं खरं आहे का हे कारखान्यात जाऊन पाहायला कुणी येत नाही. सुरुवात करणाऱ्या कंपनीला त्याचा उपयोग आहे. घरात शब्द रुळतात, संचालक मंडळाच्या बैठकीत विषय निघतो. पण ग्लोबल कॉम्पॅक्टचं सभासदत्व दाखवून ‘आमची पुरवठा साखळी जबाबदार आहे’ म्हणणं म्हणजे व्यायामशाळेची पावती दाखवून तब्येत चांगली असल्याचं सांगणं.

हेगमधले दोन खटले

लवादाचं कलम वापरलं जाईल का, याबद्दल शंका होती. २०१६ मध्ये दोन्ही महासंघांनी दोन मोठ्या ब्रँडांविरुद्ध हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या यंत्रणेत दावे लावले. आरोप हा, की त्यांनी पुरवठादारांकडून ठरलेल्या मुदतीत दुरुस्त्या करून घेतल्या नाहीत आणि त्यांना त्या परवडतील अशी सोयही केली नाही. दोन्ही दावे तडजोडीने मिटले, पहिला डिसेंबर २०१७ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०१८ मध्ये. दुसऱ्यात ब्रँडने २३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातले २० लाख दीडशेहून जास्त कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी आणि तीन लाख संघटनांच्या कामगार मदत निधीसाठी. ब्रँडांची नावं गुप्त राहिली. ही कराराची उणीवच म्हणायची.

तरीही एका बहुराष्ट्रीय कंपनीला तिच्याच स्वेच्छेच्या सहीवरून दुसऱ्या देशातल्या जिन्यांसाठी पैसे मोजावे लागले. ऑडिटच्या अख्ख्या जगात, मी तिथे होते त्या सगळ्या वर्षांत, बायरला स्वतःच्या खिशातून दंड भरावा लागल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात आलं नाही. त्रुटी नेहमी कारखान्याच्या खात्यावर जमा.

जे जमलं नाही

मुदती बहुतेक ठिकाणी हुकल्या. दोन-तीन वर्षांत निम्म्याहून जास्त कारखाने वेळापत्रकाच्या मागे होते. पहिला अकॉर्ड २०१८ मध्ये संपला तेव्हा मुळातल्या त्रुटींपैकी सुमारे ८५ टक्के दुरुस्त झालेल्या होत्या, पण महागडी कामं मागे पडलेली होती : आग ओळखणारी यंत्रणा, स्प्रिंकलर, बांधकामाचं मजबुतीकरण.

खर्चाचा भार बव्हंशी कारखानदारांवरच आला. करारातलं व्यापारी अटींचं कलम फार सैल शब्दांत होतं आणि ब्रँडांच्या खरेदी विभागांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. कपड्यांचे भाव या काळात वाढण्याऐवजी घटत गेले, असं तेव्हा पेन स्टेट विद्यापीठात असलेले अभ्यासक मार्क ॲनर यांनी दाखवलं आहे. एका बाजूला कंपनीचा सस्टेनेबिलिटी विभाग फायर डोअर बसवा म्हणतो, त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरचा खरेदी विभाग नगामागे पाच सेंट कमी करा म्हणतो. उपक्रमात सामील होताना खरेदी विभागाच्या प्रमुखाची सही घ्या, असं मी कंपन्यांना सांगते ते यासाठी.

चोरून दिलेल्या पोटकंत्राटांचे छोटे कारखाने कराराच्या बाहेर राहिले. पगाराला तर करार हात लावतच नव्हता. राणा प्लाझाच्या वेळी किमान वेतन महिना ३,००० टका होतं, २०१३ च्या अखेरीस ५,३०० झालं, २०१८ मध्ये ८,०००, २०२३ मध्ये १२,५००. प्रत्येक वाढ रस्त्यावर भांडून मिळालेली. अकॉर्डने दिलेली नाही.

भरपाईचीही वेगळीच गोष्ट. मृतांच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी आयएलओच्या देखरेखीखाली निधी उभारला. त्यातले देणगीदार कंपन्यांनी स्वेच्छेने भरायचे असल्यामुळे तीन कोटी डॉलर पुरे व्हायला जून २०१५ उजाडला. दोन वर्षांहून जास्त. स्वेच्छा आणि बांधिलकी यांची चाल एकाच प्रकरणात शेजारी-शेजारी पाहायची असेल तर हा निधी आणि अकॉर्ड पाहावेत.

आणि ढाक्यात नाराजी वाढत होती. परक्या ब्रँडांनी नेमलेले निरीक्षक आमचे कारखाने बंद करणार, हे कारखानदारांना आणि सरकारला सलत होतं. या सलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. सुरक्षा तपासणं हे त्या देशाच्या सरकारचंच काम. २०१८ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं, २०१९ मध्ये कारखानदारांच्या संघटनेशी समझोता झाला, आणि १ जून २०२० पासून तपासणीचं काम आरएमजी (म्हणजे तयार कपडे) सस्टेनेबिलिटी कौन्सिल या स्थानिक संस्थेकडे गेलं. तिच्या मंडळावर कारखानदार, ब्रँड आणि संघटना अशा तिघांना समान जागा आहेत. जिथे कारखानदार आधी मतदानातच नव्हते तिथे आता एक तृतीयांश आवाज त्यांचा आहे. याने काम मवाळ होईल अशी भीती संघटनांना होती. दुसऱ्या बाजूने, जे काम कायमचं टिकायचं ते ज्याचं घर त्यानेच चालवावं लागतं, हेही खरं. मला यात एका बाजूला उभं राहता आलेलं नाही.

ब्रँडांवरची बांधिलकी वेगळ्या करारात राहिली. १ सप्टेंबर २०२१ पासून ‘इंटरनॅशनल अकॉर्ड’ लागू झाला, मग तो नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्याने. मधल्या काळात पाकिस्तानचा समावेश झाला. बलदियाच्या आगीनंतर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याची घोषणा झाली.

सीमेच्या अलीकडे

आपल्याकडे योगायोगाने २०१३ सालीच नवा कंपनी कायदा आला. कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. त्यामुळे महाराष्ट्रात ‘जबाबदार उद्योग’ म्हटलं की शाळेला बाकं, गावाला पाण्याची टाकी आणि वृक्षारोपण एवढंच डोळ्यांपुढे येतं. ती कामं मोलाची आहेत. पण नफा मिळवून झाल्यावरची आहेत. तो मिळवताना जिन्याशी गोण्या होत्या का, हे त्यात येत नाही. ते विचारायला २०१९ ची जबाबदार व्यवसाय आचरणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २०२२-२३ पासून सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला. प्रश्न चांगले आहेत. उत्तरं कंपनीच स्वतःबद्दल लिहिते.

अकॉर्डच्या वळणाचा करार भारतात झालेला आहे, तमिळनाडूत. दिंडिगुलजवळच्या कापड कारखान्यात काम करणाऱ्या एका दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. आरोप तिच्या सुपरवायझरवर होता. त्यानंतर बायकांनी चालवलेल्या टीटीसीयू या कामगार संघटनेने लढा दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या मालक कंपनीशी करार केला. एचअँडएम, गॅप आणि पीव्हीएच यांनी त्याला जोडून बांधील करार केले : कारखान्याने छळ थांबवण्याच्या अटी मोडल्या तर ऑर्डरींवर परिणाम होणार. कामगार बायकांतूनच निवडून, शिकवून तयार केलेल्या निरीक्षक शॉप फ्लोअरवर आल्या. २०१३ मध्ये ढाक्यात सही नाकारणारी गॅप इथे सही करणाऱ्यांत आहे, हे मी मुद्दाम लिहिते. कंपन्या बदलतात. त्यांना बदलायला लावणारं समोर कुणीतरी असावं लागतं.

म्हणून ‘कुठे नाव नोंदवू’ म्हणणाऱ्या छोट्या निर्यातदाराला किंवा पुण्या-मुंबईच्या नव्या ब्रँडला मी आधी त्या उपक्रमाच्या नियमावलीतलं शेवटचं पान उघडायला सांगते. तक्रार कोण करू शकतं? ती कुणाकडे जाते? ती खरी ठरली तर तुमच्या कंपनीचं काय होतं? या पानावर काहीच नसेल तर खुशाल सामील व्हा, शिकायला मिळेल, पण पॅकेटवर शिक्का छापू नका. दोनशे माणसांचं युनिट असेल तर अकॉर्डची वाटही पाहू नका. आपल्याच कामगारांची सुरक्षा समिती खरोखर निवडून घ्या, बाहेरच्या स्ट्रक्चरल अभियंत्याकडून इमारत तपासून अहवाल कामगारांना कळेल त्या भाषेत नोटीस बोर्डावर लावा. याला कुणाचं सभासदत्व लागत नाही.

इंटरनॅशनल अकॉर्डमधल्या बांधील तपासण्या आज बांगलादेश आणि पाकिस्तानात चालतात. ज्या बायरची सही ढाका आणि कराचीला लागू आहे, तोच बायर सोलापूर-तिरुपूरचा मालही उचलतो, पण इथे ती सही लागू नाही. ढाक्यातल्या कामगार बाईला सुरक्षेची तक्रार करायची तर ती कारखान्याबाहेर, स्वतंत्र यंत्रणेकडे जाते आणि तिचं नाव मालकाला कळू दिलं जात नाही. आमच्या युनिटमध्ये बायरची आचारसंहिता मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत भिंतीवर लावलेली होती, काचेच्या चौकटीत. खाली तक्रारीसाठी फोन नंबर होता. तो आमच्याच एचआरच्या टेबलावर वाजायचा.